तारा लावल्यापासून मुलीच्या हिरड्या सुजतायत, ब्रश केला की रक्त येतं, तारा काढून घ्याव्या का?

साखळीकरीण

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी नववीत आहे, गेल्या गणेश चवथीनंतर तिच्या दातांना तारा बसवल्या, वरचे दात पुढे होते आणि एक सुळा पार वर अडकून बसला होता. दात छान ओळीत यायला लागलेत, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण या पावसाळ्यापासून हिरड्यांचं काहीतरी बिघडलंय. वरच्या समोरच्या दातांमधल्या हिरड्या फुगून खाली आल्यात, दोन दातांच्या मधे लालसर जांभळी गोळी धरल्यासारखी दिसते आणि एका दाताला तर हिरडी चक्क दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला टेकलीय. ब्रश लावला की बेसिनमध्ये फेस गुलाबी. सकाळी तोंडाला वास पण येतो, पोरगी आता हसताना ओठ मिटून हसते, ते बघवत नाही.

क्लिनिकमध्ये गेलो की वायर बदलतात, रबर बदलतात आणि "ब्रश नीट करत जा" एवढंच सांगतात, नीट म्हणजे कसा ते कुणी दाखवलं नाही. घरी सासूबाई म्हणतात रक्त येतंय तर ब्रश काही दिवस बंदच ठेव, बोटाने मीठ आणि खोबरेल चोळ. शेजारच्या काकी मशेरी लाव म्हणाल्या, ते मात्र मी ऐकून सोडून दिलं. मेडिकलवाल्याने एक माउथवॉश दिलाय तो अजून उघडला नाही.

मला एवढंच विचारायचंय की हे तारांमुळेच आहे का, तारा असताना दात साफ करून घेता येतात का, आणि हिरड्या परत पहिल्यासारख्या होतात का की पोरीचं कायमचं नुकसान होतंय? नवरा म्हणतो काढून टाकूया सगळं. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

फोंडेकर

ताई, ब्रश बंद करू नका, हे सगळ्यात आधी. मी मोठेपणी तारा लावल्यात, तिशी उलटल्यावर, आणि मला लावायच्या आधीच डॉक्टरांनी हिरड्यांचा एक्सरे काढून, प्रत्येक दाताभोवती बारीक सळईने खोली मोजून, आधी क्लीनिंग करून घेतलं होतं. तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की तुझ्या वयाला हाड किती आहे ते बघितल्याशिवाय मी दात हलवणार नाही. मला ते तेव्हा जास्त वाटलं, आता कळतं का केलं ते.

ब्रशबद्दल सांगतो. साधा ब्रश वायरच्या खाली जातच नाही. मेडिकलमध्ये इंटरडेंटल ब्रश मागा, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसतो पण अगदी बारीक, तो वायरच्या मागून वरून खाली घालायचा, एका ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना. पहिल्यांदा केलं तेव्हा जे पांढरं पांढरं बाहेर आलं ते बघून मला धक्का बसला, मी तर आधीच ब्रश करून आलो होतो. आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक डबी ठेवलीय, दुपारी शीत-हुमण झालं की आरशासमोर दोन मिनिटं. मित्र हसायचे, आता कुणी विचारत पण नाही.

पेडण्याची वहिनी

मी वेगळं सांगते, राग धरू नका. आमच्या भाच्याच्या हिरड्या अशाच सुजल्या होत्या, घरच्यांनी वाट बघितली, तारा निघाल्या तेव्हा दातांवर खडूसारखे पांढरे चौकोन राहिले होते, ब्रॅकेट होतं तेवढी जागा नीट आणि भोवती पांढरी चौकट. दात सरळ झाले पण डाग गेले नाहीत. म्हणून म्हणते, पोरीला इतका त्रास होत असेल तर काढून टाका, दात नंतर पण सरळ करता येतात, हिरड्या गेल्या तर कुठून आणणार.

दंतवैद्य मडगाव

मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, ताई तुम्ही शांतपणे वाचा. न तपासता निदान करता येत नाही पण तुम्ही जे वर्णन केलंय ते आम्ही तारा असलेल्या मुलांमध्ये फार वेळा बघतो.

तार स्वतः हिरडी सुजवत नाही. सुजवतो तो दातावर बसणारा चिकट पांढरट थर, त्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो म्हणजे जिवंत जंतूंची साय. प्रत्येकाच्या तोंडात तो रोज तयार होतो. तारा नसताना जीभ, ओठ, ब्रश यांनी बराचसा निघून जातो. ब्रॅकेट चिकटवलं की त्याच्या आणि हिरडीच्या मधे एक अरुंद पट्टी उरते, दोन-तीन मिलिमीटरची, आणि तिथेच ब्रश पोचत नाही. वर वायर ब्रॅकेटला बांधायचे ते रंगीत रबर, ते बांधायच्या स्टीलच्या बारीक तारेपेक्षा जास्त थर धरून ठेवतात. थर राहिला की शरीर तिकडे रक्त पाठवतं, हिरडी लाल होते, फुगते, जरा लागलं की रक्त. फुगली की खाली अजून खाच तयार होते, तिथे अजून थर, असं ते चक्र चालतं. त्यात तुमची मुलगी वयात येतेय, या वयात हार्मोन्समुळे तेवढ्याच थराला हिरड्या जास्त जोरात सुजतात. म्हणून त्याच क्लिनिकमधल्या मोठ्या माणसाला काही होत नाही आणि नववीतल्या पोरीला होतं.

रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवायचा, हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना मुद्दाम दात घासायचं थांबवायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावलं तर साधारण आठवड्याभरात ठीक झाल्या. दंतशास्त्रात आम्हाला हे पहिल्यांदा शिकवतात. म्हणजे रक्त येणं ही ब्रश हवा असल्याची खूण आहे. मऊ ब्रश घ्या, पण नेमका तिथेच घासा जिथून रक्त येतं. पहिले काही दिवस जास्त येईल, मग कमी कमी होत जाईल. दोन आठवडे नीट करूनही तेवढंच येत असेल तर मात्र दाखवायचं.

आता "नीट म्हणजे कसा". आरसा आणि उजेड हवा. ब्रशचे केस हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरके टेकवायचे, अर्धे हिरडीवर अर्धे दातावर, आणि जागच्या जागी थरथरवायचा, खसाखसा आडवा ओढायचा नाही. हिरडीच्या बाजूने ब्रॅकेटची वरची कड, मग दुसऱ्या बाजूने खालची कड, मग दाताची मागची बाजू. मग फोंडेकरांनी सांगितलेला इंटरडेंटल ब्रश, जोर न लावता जाईल तेवढ्याच जाडीचा. सुळ्यासारखा एखादा दात ओळीबाहेर असेल तर त्याच्यासाठी एकाच झुबक्याचा छोटा ब्रश मिळतो. दाढांच्या मधे फ्लॉस घालायला एक टोक कडक असलेला सुपरफ्लॉस येतो, तो वायरखालून सुईसारखा ओवता येतो. रात्रीचा ब्रश हा सगळ्यात महत्त्वाचा, त्याला दहा मिनिटं लागली तर लागू दे. पेस्ट फ्लोराइडची, साधारण हजार पीपीएमची, मागे लिहिलेलं असतं. कोळशाची किंवा खरखरीत मंजनं नकोत.

एक गोष्ट करून बघा, मुलांना ती पटते. प्लाक दाखवणाऱ्या रंगाच्या गोळ्या किंवा द्रव मिळतो, क्लिनिकमध्ये मागितला तर लावून दाखवतात. तो लावून चूळ भरली की जिथे थर आहे तिथे दात गडद गुलाबी दिसतो. ब्रश झाल्यावर पोरीला लावू दे आणि तिलाच आरशात बघू दे. तुम्ही शंभर वेळा ओरडून जे होत नाही ते त्या एका गुलाबी पट्टीने होतं.

मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, सासूबाईंना वाईट वाटायला नको आणि सुजेला आराम पण पडतो, पण मीठ थर काढत नाही. खोबरेल पण नाही. मशेरी तुम्ही सोडून दिलीत ते उत्तम केलंत, ती भाजलेली तंबाखू असते, पोरीच्या तोंडात ती कधीच जाऊ देऊ नका.

माउथवॉशची बाटली बघा. त्यावर क्लोरहेक्सिडिन लिहिलं असेल तर तो औषधी आहे, डॉक्टरने सांगितलं तर आठवडा-दोन आठवडे, त्यापुढे स्वतःहून चालू ठेवायचा नाही कारण दात आणि जीभ तपकिरी पडते, तोंडाची चव जाते. आणि पेस्टने घासल्या घासल्या लगेच घेतला तर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा असर कमी होतो, मधे अर्धा तास जाऊ द्यायचा. ब्रशच्या जागी माउथवॉश असं कधीच होत नाही.

क्लीनिंग तारा असताना होतं, बिनधास्त होतं. ब्रॅकेट काढावे लागत नाहीत. ऑर्थोवाले, म्हणजे तारा लावणारे डॉक्टर, आडवी वायर काढून देतात, त्याच दिवशी स्केलिंग म्हणजे हे क्लीनिंग करून वायर परत घालतात, म्हणजे दोन्ही ठिकाणी एकमेकांशी बोलून वेळ घ्यायची. तुमच्या क्लिनिकमध्ये सोय नसेल तर बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात ऑर्थो आणि हिरड्यांचा असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, साखळीहून एक सकाळ काढावी लागेल पण दोघं डॉक्टर एकत्र बघतील.

पेडण्याच्या वहिनींनी सांगितलेले पांढरे चौकोन खरे आहेत, ते दाताचं वरचं कवच विरघळायला लागल्याची खूण. तारांच्या भोवती थर राहिला तर ते महिनाभरात सुद्धा दिसायला लागतात. पण ते पण थरामुळेच, तारांमुळे नाही, म्हणून उपाय तोच. तारा अर्ध्यावर काढणं हा निर्णय ऑर्थोवाल्यांसोबत बसूनच घ्यायचा. बऱ्याचदा मधला मार्ग असतो, म्हणजे दोन-तीन महिने दातांवर जोर न देता नुसती वायर ठेवायची, हिरड्या बसू द्यायच्या, मग पुढे जायचं. तसं स्पष्ट विचारा त्यांना, विचारण्यात काही कमीपणा नाही.

वाळपईचो

डॉक्टर फार छान लिहिलंत, सेव्ह करून ठेवतो. एक विचारायचं होतं. माझा मुलगा फुटबॉल खेळतो, त्याला पण तारा आहेत, त्याच्या फक्त वरच्या समोरच्याच हिरड्या सुजतात, खालच्या ठणठणीत. ब्रश बरा करतो. असं का?

दंतवैद्य मडगाव

तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का बघा, विशेषतः झोपेत. वरच्या समोरच्या हिरड्या रात्रभर वाऱ्यावर सुकतात, लाळ पोचत नाही आणि तिथेच चकचकीत लाल सूज दिसते, ओठ जिथपर्यंत झाकतो तिथे सूज संपते. नाक चोंदलेलं असेल किंवा टॉन्सिल, अॅडिनॉइडचा त्रास असेल तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. मूळ बंद झालं नाही तर आम्ही कितीही साफ केलं तरी परत येतं. साखळीच्या ताई, तुम्ही पण मुलगी झोपल्यावर एकदा बघून या.

म्हापसेकर काकी

मी दोन मुलांच्या तारा पार पाडल्यात म्हणून खाण्यापिण्याचं सांगते. जत्रेतलं खाजं हे सगळ्यात वाईट, आधी कडक मग चिकट, ब्रॅकेट सुटतं नाहीतर गूळ वायरखाली बसतो तो रात्रीपर्यंत निघत नाही. दोदोलचं पण तेच. चवथीला नेवऱ्या खाऊ दे, पण दिवसभर येता जाता एकेक असं नको, जेवणाबरोबर एकदाच खा आणि लगेच ब्रश. कातऱ्या पावाचा कडक पापुद्रा माझी मुलं कडी किंवा रश्शात बुडवून खायची. फणसाच्या चिप्स, भाजलेले काजू, उसाचं कांडं, हे बंदच. वायर बदलल्यावर दोन दिवस उकड्या तांदळाची पेज आणि मऊ मासे, तेव्हा दात दुखतात आणि दुखतात म्हणून पोरं ब्रश टाळतात, आणि नेमकी तिथूनच सूज सुरू होते हे मी माझ्या धाकट्याच्या बाबतीत स्पष्ट बघितलंय. त्या दोन दिवसांत आईने बाथरूमच्या दारात उभं राहायलाच पाहिजे.

वायरचं टोक टोचत असेल तर ऑर्थो वॅक्स मागा, छोटा गोळा करून टोकावर दाबायचा. टोचतं म्हणून पण तिथे ब्रश जात नाही.

साखळीकरीण

सगळ्यांना देव बरे करो, खरंच. काल रात्री मी तिच्या खोलीत जाऊन बघितलं, तोंड उघडंच असतं, आणि पावसात तिचं नाक सतत चोंदलेलं असतं, आमच्याकडे भिंतींना बुरशी येते त्याचा तिला त्रास होतोच. म्हणजे दोन्ही कारणं असतील. म्हापशाहून इंटरडेंटल ब्रश आणलेत, पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली, रक्त बघून घाबरली, मी डॉक्टरांचं ते डेन्मार्कचं तिला वाचून दाखवलं तेव्हा शांत झाली. क्लिनिकला फोन करून स्केलिंगची वेळ पण घेतली, वायर काढून देतो म्हणाले. सासूबाईंना मिठाच्या गुळण्यांचं काम दिलंय, त्या वेळेवर पाणी कोमट करून देतात.

अजून दोन प्रश्न डॉक्टर. एक, जी हिरडी ब्रॅकेटवर आलीय ती आपोआप मागे जाईल का? दुसरं, हिला आर्टिफिशियल कानातलं घातलं की कान चिघळतो, फक्त सोन्याचंच चालतं. त्याचा इथे काही संबंध असू शकतो का, की मी उगाच काळजी करते?

दंतवैद्य मडगाव

उगाच नाही, चांगलं निरीक्षण आहे.

पहिलं. सूज मऊ, लाल, दाबली की खड्डा पडेल अशी असेल तर साफसफाईने बरीचशी खाली बसते. पण खूप महिने राहिलेली हिरडी कधी कधी घट्ट, फिकट गुलाबी, दोऱ्यासारखी होऊन बसते, ती नुसत्या ब्रशने पूर्ण जात नाही. तारा निघाल्यावर काही महिन्यांत अजून थोडी आत जाते. एवढं करून उरली आणि दात झाकत असेल तर भूल देऊन जास्तीची हिरडी कापून आकार देता येतो, लेझरने पण करतात, छोटं काम असतं. पण ते आधी करायचं नाही. थर तसाच असेल तर कापलेली हिरडी परत वाढते आणि पोरीला दोनदा त्रास. अपवाद एवढाच की हिरडीमुळे ब्रॅकेट लावायला किंवा साफ करायलाच जागा उरली नाही, तर मधेच करतात.

हाडाचं नुकसान होतंय का ही तुमची मूळ भीती होती. नुसत्या हिरडीच्या सुजेत हाड शाबूत असतं आणि ते सगळं परत फिरतं. हाडापर्यंत गेलं तर गेलेलं हाड सहज परत येत नाही, म्हणून काही गोष्टींवर लक्ष ठेवा, हिरडीतून पू, एखादा दात अचानक लांब दिसायला लागणं म्हणजे हिरडी मुळाकडे उतरणं, विशेषतः खालच्या समोरच्या दातांना, किंवा एकच दात बाकीच्यांपेक्षा खूप जास्त हलणं. थोडं हलणं तारांमध्ये असतंच, दात हाडातून सरकतोय म्हणून, त्याला घाबरू नका. पण वरचं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. स्केलिंगला जाल तेव्हा सळईने खोली मोजून घ्या असं सांगा, म्हणजे अंदाजावर राहायला नको. आणि मुलगी फिट्स किंवा दुसऱ्या कशासाठी रोज गोळी घेत असेल तर तिचं नाव पण सांगा, फेनिटॉइनसारख्या काही औषधांनी हिरड्या वाढतात, मोठ्यांमध्ये बीपीच्या अॅम्लोडिपिनने पण होतं. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही.

दुसरं. स्वस्त कानातल्यांमध्ये निकेल असतं, त्याची अॅलर्जी बऱ्याच मुलींना असते. तारांच्या स्टीलमध्ये पण निकेल असतं आणि सुरुवातीच्या लवचीक वायरीत तर निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ निम्मं निम्मं असतं. तरी तोंडात त्याचा त्रास कानापेक्षा पुष्कळ कमी लोकांना होतो, कान चिघळणाऱ्या बहुतेक मुली तारा बिनतक्रार वापरतात. ओठाच्या आत जळजळ, तोंडाच्या कोपऱ्यात भेगा, ओठाभोवती किंवा अंगावर पुरळ, आणि थर अजिबात नसलेल्या जागी सुद्धा सूज, असं काही असेल तर शंका घ्यायची. म्हणून आधी स्केलिंग आणि दोन-तीन आठवडे हे ब्रशिंग, आणि तरी हिरडी तशीच लाल राहिली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे निकेलची पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर पट्टी लावून करायची अॅलर्जीची तपासणी, करून घ्या. टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी तारा सोडायची गरज नाही, निकेल नसलेल्या टायटॅनियमच्या वायर आणि सिरॅमिकचे ब्रॅकेट मिळतात. पण कानाचं हे ऑर्थोवाल्यांना आत्ताच सांगून तिच्या फाइलवर लिहून घ्या, पुढची वायर निवडायच्या आधी त्यांना ते माहीत असायला हवं.